गिरणीच्या माडीवरचे मास्तर

“शिकवायचं काय, ते नंतर ठरवू. आधी अंगात काय आहे ते बघू.”

क्लासला नवीन मूल आलं की मास्तरांचं हे वाक्य ठरलेलं. मग ते त्या पोराला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं चालायला लावायचे आणि स्वतः उकिडवे बसून, मान पार जमिनीपर्यंत वाकवून त्याचे पाय बघायचे. बरोबर आलेल्या आईला वाटायचं, या माणसाची सदऱ्याची गुंडी वगैरे पडलीय. दोन-चार फेऱ्या झाल्या की मास्तर उठायचे आणि निकाल द्यायचे, “हिला कथक.” नाहीतर, “याला कोळीनाच. याच्या टाचा टेकतच नाहीत.”

पंचवटीत आमची पिठाची गिरणी. आता मुलगा बघतो, पण तेव्हा मीच बघायचे. आमचे हे नोकरीला, सासरे थकलेले, मग गिरणीवर उभं कोण राहणार? वरची माडी रिकामीच होती. दिवसभर खाली घरघर, त्यात पिठाचा धुरळा, तिथं बिऱ्हाड करायला कोण येतंय. गिरणीत रेशनवरची लाल मिलो ज्वारी दळायला यायची ते दुष्काळाचे दिवस. एके संध्याकाळी सातपूरच्या कारखान्यातला एक उंच, काळासावळा माणूस खाकी कपड्यांतच आला आणि माडी मागू लागला. कशाला, विचारलं तर म्हणाला, “नाचाचा क्लास काढायचाय, वहिनी.” मी त्याला आधी पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. म्हटलं, “खाली गिरणी आहे, ऐकू येतंय ना?” तर म्हणाला, “तेच बरं. आमच्या आवाजाची कुणी तक्रार करणार नाही.”

अशा माणसाला नाही कसं म्हणायचं, तुम्हीच सांगा.

मी स्वतः नाच शिकले नाही. मी नाच ऐकला, आणि तोही खालून. माडीची जमीन लाकडी फळ्यांची, आणि फळ्यांच्या फटींत वर्षानुवर्षांचं पीठ बसलेलं. वर कुणी नाचलं की ते खाली गळायचं. त्या गळण्यावरून मला सहा महिन्यांत सगळे नाच ओळखता यायला लागले. कथक असलं की पीठ बारीक आणि अखंड गळायचं आणि मधेच एकदम बंद व्हायचं. म्हणजे सम आली. भरतनाट्यम असलं की थांबून थांबून, पाय आपटेल तिथं आणि तेवढंच. कोळीनाचाला सगळ्या पोरी मिळून एकाच अंगाला झुकायच्या, तेव्हा पिठापेक्षा तुळईचीच काळजी वाटायची. नवरात्राच्या आधी गरबा बसायचा, तेव्हा पीठ गोल गळायचं. लावणीला फारसं काही गळायचं नाही, पण ढोलकी सुरू झाली की दळणाच्या रांगेतले पुरुष माना वर करून बघायचे आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या डोळ्यांत जायचं. पुढं ऐंशीनंतर पोरांना डिस्कोचं वेड लागलं. त्यात पीठ नाही, आमचा बल्बच हलायचा.

माडीची जमीन उतरती होती, हे खरंच. त्यामुळे ‘नाचता येईना, अंगण वाकडं’ ही म्हण आमच्याकडे कुणाला वापरताच आली नाही. क्लासच्या सगळ्या पोरी नाचता नाचता हळूहळू खिडकीकडे सरकत जायच्या आणि मास्तर त्यांना मेंढरांसारखं हाकत परत मधे आणायचे.

दसऱ्याच्या दिवशी मास्तर ‘ओळख’ ठेवायचे. नवीन मुलांच्या आई-बापांना बोलवायचं आणि आपल्याकडे कायकाय शिकवतात ते स्वतः नाचून दाखवायचं. भाषण नाही, काही नाही. सगळ्या नाचांत गोष्ट एकच: बाई डबा घेऊन दळणाला येते. आता गिरणीच्या माडीवर दुसरी कुठली गोष्ट सुचणार? दसऱ्याला गिरणी बंद असायची, म्हणून मीही वर जाऊन बसायचे.

कथकमधली बाई डबा कमरेवर घेऊन निघायची, वाटेत कोण भेटलं, कुणी काय टोमणा मारला, ते सगळं डोळ्यांनी सांगायची, आणि गिरक्या घेत घेत बरोबर तबल्याच्या समेवर गिरणीच्या पायरीशी येऊन उभी राहायची. भरतनाट्यममधली बाई अर्धी बसलेली, गुडघे बाहेर, पाठ ताठ. आधी तिची नजर डब्याकडे जायची, मग हात, मग मान. डबा तिथं नसून दिसायचा आणि त्याचं वजनही दिसायचं. कोळीनाचात तोच डबा होडीत बसून डुलत यायचा. गरब्यात डबा मधे ठेवून बाई त्याच्याभोवती टाळ्या देत फिरायची. लावणीतली बाई डबा सुरुवातीलाच खाली ठेवायची आणि नंतर तिला दळणाची आठवण राहायची नाही. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुरुष गंभीर होऊन बघायचे. डिस्को आला तेव्हा एका आजोबांनी विचारलं, “यात डबा कुठाय?” मास्तर म्हणाले, “यात पीठ गोणीतच येतं, आजोबा.”

मग प्रश्न सुरू व्हायचे. एक बाई म्हणाल्या, “यातला उपयोगी कुठला? पुढं लग्नाचंही बघायला हवं.” मास्तरांनी विचार केल्यासारखं केलं. “मग कथक घ्या. पुढं संसारात कुणी कितीही फिरवलं तरी चक्कर येत नाही.” दुसऱ्या एका गृहस्थांना मुलीला भरतनाट्यम शिकवायचं होतं, पण त्याचा रोजच्या जगण्यात काय फायदा, ते कळत नव्हतं. “बसमध्ये उभं राहता येतं,” मास्तर म्हणाले. “न धरता.”

आमच्या रांगेत कायम नंबर मोडून पुढं घुसणाऱ्या एक काकू होत्या. एका वर्षी मास्तरांची लावणीतली बाई अगदी त्यांच्यासारखी, डबा पुढं सारत, गोड हसत रांगेत घुसली. मला वाटलं, आता काकू चिडणार. तर काकू भर सभेत म्हणाल्या, “अगं बाई, ही मीच की.” आणि दुसऱ्या दिवशी नवं पातळ नेसून दळणाला आल्या. मी मास्तरांना म्हटलं, “सगळ्यांना नाचवलंत, मला नाही कधी घेतलं.” म्हणाले, “तुमच्यावर नाच बसवायचा तर आधी मजला मजबूत करायला पाहिजे, वहिनी.” मी दोन दिवस त्यांना चहा दिला नाही.

एवढं सगळं ते शिकले कुठं? ज्याच्याकडे जे मिळालं, त्याच्याकडे. कथक इथल्याच एका म्हाताऱ्या गुरूंकडे, त्यांचं घर सारवून, पाणी भरून. भरतनाट्यम पुण्याच्या उन्हाळी शिबिरांत. लावणी वणीच्या यात्रेत उतरलेल्या फडातल्या बायकांकडे. कोळीनाच कारखान्यातल्या एका अलिबागकर दोस्ताकडे. डिस्को तर पिक्चरच्या पहिल्या रांगेत बसून. “मी उधारीवरचा माणूस आहे,” असं ते हसत हसत सांगायचे. मला तेव्हा वाटायचं, बोलण्याची तऱ्हा आहे एकेकाची.

ते तऱ्हेचं बोलणं नव्हतं, हे कळायला त्यांचा चुलता नाशकात यावा लागला.

मास्तर मूळचे हरसूलकडचे. त्या डोंगराच्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाला बोहाडा होतो. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते: देवांचे आणि राक्षसांचे लाकडी मुखवटे तोंडावर बांधायचे आणि संबळ-पिपाणीच्या वाजवण्यावर गावासमोर नाचायचं. त्याला सोंग म्हणतात. एकेक सोंग एकेका घराच्या मानाचं, बापाकडून मुलाकडे आलेलं. मास्तरांच्या घराकडे त्राटिका होती, रामायणातली राक्षसीण. त्यांचे वडील ती नाचवायचे. सबंध पंचक्रोशी म्हणे ती बघायला यायची.

चुलता गिरणीत आला तेव्हा मास्तर कारखान्यातून यायचे होते. मी त्याला गोणीवर बसवलं, चहा दिला. मास्तर आल्यावर तो इकडचं तिकडचं काहीच बोलला नाही. “तुझ्या बाचं गुडघं गेलं. यंदा त्राटिका तुलाच नाचवायला लागंल. न्हाय जमलं तर पंच सोंग दुसऱ्या घरात देणार हायेत.”

“बाबा काय म्हणतात?”

“त्यो काय म्हणंल? मी जित्ता असताना सोंग घरातनं जायला नगं, एवढंच म्हणतो. भिताडाकडं त्वांड करून पडलाय.”

चुलता गेल्यावर मास्तर त्याच गोणीवर बसले. मी म्हटलं, “एवढे नाच येतात तुम्हाला, त्यात आणखी एक. त्यात काय एवढं?” तेव्हा त्यांनी सांगितलं. तरुणपणी, नुकतंच कथक शिकत असताना, वडील तापानं पडले म्हणून एका वर्षी त्यांनी सोंग घेतलं होतं. मुखवटा बांधला आणि जोशात येऊन त्राटिकेला गिरक्या दिल्या. वर तीन वेळा पाय वाजवून, हात पसरून समेवर उभे राहिले. आता संबळवाल्याला कुठली कथकची सम माहीत? तो वाजवत पुढं निघून गेला. मुखवटा एका कानावर घसरला. राक्षसीण गावाच्या मधोमध हात पसरून उभी आणि गाव पोट धरून हसतंय. तापातले वडील घोंगडी पांघरून उठून आले, त्यांनी मुखवटा उतरवून घेतला आणि एक शब्द न बोलता घरी नेला. त्यानंतर मास्तर गावी जायचे, पण बोहाड्याला कधी गेले नाहीत.

“मारलं असतं तरी चाललं असतं, वहिनी,” ते म्हणाले. मला फार वाईट वाटलं. नेहमी दुसऱ्याला हसवणारा माणूस तसा बसलेला बघवत नाही.

मग तालीम सुरू झाली. क्लास सुटला की मास्तर माझी पीठ चाळायची मोठी चाळण तोंडाला बांधायचे, तिला मुखवट्याएवढं वजन यावं म्हणून वर लोखंडी माप लटकवायचे आणि एकटेच नाचायचे. माझं काम खालून ओरडायचं. गिरणी बंद करता करता मी वर कान लावून असायचे. पीठ बारीक गळायला लागलं की ओरडायचे, “कथक.” पाय थांबायचे. पुन्हा सुरू. “आता भरतनाट्यम झालं.” पुन्हा थांबायचे. “मास्तर, राक्षसीण आहे ती, मासे विकायला नाही निघाली.” आमचे हे कामावरून येऊन जेवणासाठी ताटकळत बसायचे आणि म्हणायचे, “नाशकात माझी एकट्याचीच बायको अशी असेल, छताशी भांडणारी.”

एक दिवस वर सगळं थांबलं आणि थांबलेलंच राहिलं. मी जिना चढून गेले. मास्तर चाळण मांडीवर घेऊन भिंतीशी बसले होते. चेहरा पांढरा, निम्मा पिठानं आणि निम्मा कशानं कोण जाणे.

“एकेक काढत गेलो, वहिनी. कथक काढलं, भरतनाट्यम काढलं, लावणी काढली. सगळं काढल्यावर खाली काहीच नाही. माझं असं काही नाहीच.”

मला सांत्वन करता येत नाही. मी चिडलेच. म्हटलं, “त्राटिका कुठल्या क्लासला गेली होती? तिच्या रानात लोक घुसले, तिला राग आला. तुम्ही राग आणा, बाकी नाच आपोआप येईल.”

“मला रागच येत नाही हो,” ते म्हणाले. आणि ते खरं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

त्यानंतर तालीम बंदच पडली. कारखाना सुटल्यावर मास्तर गिरणीत येऊन कोपऱ्यातल्या गोणीवर बसायचे आणि क्लासची वेळ होईपर्यंत चहा पीत राहायचे. मला वाटलं, हरले बिचारे. माझं आपलं रोजचं चालूच होतं. कुणी ओले गहू आणलेले, कुणाला ज्वारीच्या दळणावर लगेच बाजरी चालत नाही, कुणाचं पीठ कमी भरलं म्हणून ओरड. मी एकेकाला सरळ करत होते. मास्तर बघत बसलेले. मला त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ कुठला?

बोहाड्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्राटिका निघते. मास्तर आधीच गावी गेले होते; मी आणि आमचे हे आदल्या दिवशी एस.टी.नं त्र्यंबकवरून गेलो आणि त्यांच्या चुलत्याकडे उतरलो. सकाळी ऊन अंगणात आलं होतं. मास्तरांच्या वडिलांना बाजेसकट उचलून पुढं आणून ठेवलं होतं. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी काठी घट्ट धरलेली, आणि नजर मातीकडे. मी मनात म्हटलं, देवा, गिरकी तेवढी नको.

संबळ वाजू लागली. त्राटिका आली. लाल-काळा मुखवटा, सुळे, वर मोरपिसं, अंगावर हिरवं लुगडं. आली ती नाचत आलीच नाही. चालत आली, तरातरा, जणू तिच्या मागं दहा कामं पडलीत. मधोमध थांबली. दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात झटकले, एकदा, दोनदा. एक हात कमरेवर ठेवला. मान तिरकी करून समोरच्या पोराकडे एका डोळ्यानं असं बघितलं, की ते पोर आईच्या मागे दडलं. लोक ओरडले. ती तिकडे वळली, पुन्हा हात झटकले, हनुवटी उडवली आणि पाय आपटत त्यांच्यावर चालून गेली. संबळवाल्यानं तिची चाल धरली. आता तो तिच्या मागं होता आणि ती त्याच्या बरोब्बर पुढं. कुठं कथक नाही, कुठं काही नाही. नुसती चिडलेली बाई.

आमच्या ह्यांनी माझा दंड धरला. “अगं,” ते हळूच म्हणाले, “ही तर तू.”

मला आधी कळेना. मग मी माझ्या हातांकडे पाहिलं. गिरणीत उभं राहणाऱ्या बाईला पिठाचे हात झटकायची सवय लागतेच. भांडणाच्या आधी दोनदा झटकायचे, मग कमरेवर. मला स्वतःला ते कधी दिसलं नव्हतं. दळणाच्या रांगेत मागून मला त्राटिका म्हणतात, हे मला ठाऊक होतं. पण ती अशी भर उन्हात, सुळे लावून, गावासमोर चालताना बघायची वेळ येईल, असं वाटलं नव्हतं. मला संताप आला, आणि डोळ्यांना पाणीही आलं. दोन्ही एकदम येतं, हे मला तेव्हा कळलं.

सोंग संपलं. मास्तर मुखवटा उतरवून, घामानं निथळत बाजेशी गेले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, “कुठं पाह्यलंस रं हिला?”

मास्तरांनी गर्दीतून माझ्याकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली आणि लांबूनच मला हात जोडले. मग त्यानं मुखवटा मांडीवर घेतला आणि मुलाचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर टेकवलं. पंचांपैकी कुणी दुसऱ्या घराचं नाव काढलं नाही.

परत आल्यावर मी मास्तरांना धारेवर धरलं. “मला विचारलं होतं का?”

“विचारलं असतं तर तुम्ही जपून भांडला असता,” ते म्हणाले.

त्यानंतर दर वर्षी ते सोंग नाचवायला जायचे आणि येताना मला कैऱ्या आणायचे. क्लास चालू राहिला. पोरी मोठ्या झाल्या, त्यांच्या धाकट्या बहिणी आल्या. ‘उधारीवरचा माणूस’ हे त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका हिवाळ्यात त्यांना साधी कावीळ झाली, ती वाढली, आणि ते गेले. क्लास त्यांच्या एका विद्यार्थिनीनं इंदिरानगरला नेला. तिथं गुळगुळीत फरशी आहे म्हणे. आमच्या माडीवरून पीठ गळायचं बंद झालं. गिरणी चालू असतानाही मला ती शांत वाटायची, आणि त्यांची आठवण आली की मी गिऱ्हाइकांवर जास्तच ओरडायचे.

दोन-तीन वर्षांनी मन घट्ट करून आम्ही पुन्हा बोहाड्याला गेलो. वडीलही तोवर गेले होते. गावात आम्हाला ओळखणारं फारसं कुणी उरलं नव्हतं. मी बायकांत जाऊन बसले. त्राटिका आता मास्तरांचा पुतण्या नाचवत होता. मी त्याला पूर्वी कधी पाहिलेलं नव्हतं, त्यानंही मला नाही. तो तरातरा चालत आला आणि मधोमध थांबला. स्वच्छ धुतलेले हात त्यानं एकमेकांवर दोनदा झटकले, एक कमरेवर ठेवला आणि मान तिरकी केली.

शेजारच्या म्हातारीनं मला कोपरानं ढोसलं. “पोरगं नवीन हाय, पर बराबर करतंय,” ती म्हणाली. “आमची त्राटिका आशीच. पयल्यापासनं.”

मी पदरानं डोळे पुसले. “व्हय आजी,” म्हटलं, “पयल्यापासनं.”